अण्णांचा ढबू, लाल-हिरव्यावर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या राव. नंतर चहा नाकातून येतो, मागच्या वेळी एकाला आला होता.

आता माझ्याकडे बघून तुम्हाला काय वाटतं? काटेकोर माणूस, हो ना? वाटणारच! मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. ही खोड घरीही सुटत नाही. ताटात पोळी पडली की माझी नजर आधी तिच्या कडेवरून फिरते. वर्षा, म्हणजे आमची बायको, म्हणते, "अहो, खायची आहे ती. पास-नापास नाही करायची."

तर अशा माणसाने नाण्याच्या एका फोटोपायी अख्खी प्रेस शॉप, म्हणजे पत्र्यातून पार्ट कापायच्या मशीनांचं खातं, बंद पाडली. आणि तेवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला सांगायला तरी कशाला आलो असतो?

झालं असं, की आमच्या रहाटणीच्या सोसायटीतले पाटसकर काका नाणी जमवणाऱ्यांचा एक ग्रुप चालवतात. मीही त्यात आहे. माझ्याकडे दाखवण्यासारखं एकही नाणं नाही, पण मतं भरपूर आहेत. यंदा काकांनी ग्रुपचं कॅलेंडर काढायचं ठरवलं. प्रत्येक महिन्याच्या पानावर एका घरातलं जुनं नाणं, खाली मालकाचं नाव आणि गाव. मला लगेच अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे सासरे, कुरुळीचे. त्यांच्या वडिलांना नांगरताना रानात तांब्याचा जुना ढबू पैसा सापडला होता. एका बाजूला पुसट अक्षरं, दुसऱ्या बाजूला पानाची नक्षी. ते रान आता राहिलं नाही. जिथे ढबू सापडला, तिथेच आज आमच्या कंपनीची प्रेस शॉप उभी आहे. अण्णांनी ट्रंकेतून फडकं काढलं, गाठ सोडली आणि ढबू माझ्या हातावर ठेवला.

"जावईबापू, रान गेलं, बैलं गेली. एवढंच ऱ्हायलंय बगा. जसा नेताय तसा परत आना."

खरं सांगतो, गलबलून आलं मला. म्हटलं, "अण्णा, अख्खं पिंपरी-चिंचवड बघेल तुमचा ढबू."

"आन माजं नाव?"

"नाव पण. गावासकट."

"मंग न्या."

मी त्याच दिवशी अण्णांचं नाव-गाव काकांकडे देऊन टाकलं. राहिला फक्त फोटो. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? नाणं ठेवायचं, बटण दाबायचं. काढून बघा एकदा! काकांची अट साधी होती. दोन्ही बाजू शेजारी-शेजारी, आणि मागचा रंग असा पाहिजे की नाणं उठून दिसलं पाहिजे. दिसायला साधी!

काळ्या कापडावर ठेवला, ढबू गायब. पांढऱ्यावर ठेवला, तर शर्टावर चहाचा डाग पडलाय आणि आपण साबणाची जाहिरात करतोय असं वाटायला लागलं. निळ्या चादरीवर बरा दिसत होता, पण चादरीवरचा मोर मध्येच चोच घालत होता. गुलाबी कागदावर तर खोबऱ्याची करपलेली वडी! शेवटी वर्षाने हळदी रंगाचा ब्लाउजपीस काढून दिला. त्यावर ढबू असा काही चमकला की विचारू नका. चमकून चमकून फोटोत तो पितळेचाच दिसायला लागला. अण्णांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, जावयाने माल बदलला.

मांडणीची तर वेगळीच कथा. अण्णांचा रोज फोन.

"जावईबापू, फ्लेक्ससारकं करा. मदी ढबू मोट्टा. वर माजा फोटू, फेट्यातला. आन खाली शुभेच्छुक."

"अण्णा, नाण्याला शुभेच्छुक कशाला?"

"मंग भावकी रुसंल की! नानाचा फोटू न्हाई टाकला तर त्यो लग्नाला यायचा न्हाई."

कोणाचं लग्न, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मग एक दिवस कंपनीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, मी तर फोटोंवरच जगतो! आमच्याकडे तांब्याचे वॉशर बनतात. वॉशर म्हणजे बोल्टखाली घालायची चकती हो, मध्ये भोक असलेली. त्यातला एखादा पीस बिघडला की त्याचा फोटो काढायची ठरलेली पद्धत आहे. डावीकडे लाल, त्यावर खराब पीस. त्याला आम्ही एनजी म्हणतो. उजवीकडे हिरवा, त्यावर चांगला पीस, म्हणजे ओके. खाली काही लिहायची गरजच नाही. आमच्या पट्ट्यात वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत कोणालाही हे रंग दाखवा, डोळे झाकून सांगेल.

त्या दिवशी मी असाच एक फोटो काढत होतो. वॉशरच्या एका बाजूला कड उठलेली येतेय, अशी कस्टमरची तक्रार होती. लालवर कड उठलेला वॉशर ठेवला, हिरव्यावर सुधारलेला. आणि बघतो तर काय! तांबं त्या रंगांवर काय खुललं होतं! मी तेच लाल-हिरवे कागद घरी नेले. ढबूची अक्षरांची बाजू लालवर, पानाची बाजू हिरव्यावर, दोन्ही मोबाइलमध्ये शेजारी जोडल्या. तोच उजेड, तेच अंतर. वॉशरचा फोटो आणि ढबूचा फोटो मोबाइलमध्ये जुळे भाऊ दिसत होते.

वर्षाला म्हणालो, "बघ, याला म्हणतात स्टँडर्डायझेशन."

ती म्हणाली, "याला म्हणतात आळस."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून मी दोन्ही फोटो पाठवले. वॉशरचा कस्टमरच्या ग्रुपवर, ढबूचा काकांच्या ग्रुपवर. छपाईला द्यायचा शेवटचा दिवस होता. नेमका पाठवतानाच मोशीच्या चौकात ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. मी सीटवर सावरून बसलो, मोबाइल खिशात टाकला आणि गेटवर जमा केला. आमच्याकडे शॉपवर मोबाइल चालत नाही. आत जाताना द्यायचा, सुटल्यावर घ्यायचा.

तुमच्या लक्षात आलं ना काय झालं ते? माझ्या नव्हतं आलं!

चहाची सुट्टी व्हायला आणि देशमुख साहेब धावत यायला एक गाठ पडली. देशमुख साहेब म्हणजे आमचे प्लँटचे सर्वेसर्वा. हा माणूस एरवी लिफ्टसुद्धा हळू चालवा म्हणतो.

"संदीप! कस्टमरकडे बिनहोलचा वॉशर गेलाय! तो शर्मा फोनवर नुसता नाचतोय!"

बिनहोलचा वॉशर! आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. भोक नसेल तर तो वॉशर कसला, नुसतीच टिकली. माझं रक्त सळसळलं. म्हटलं, "साहेब, तुम्ही काळजी करू नका. ज्याने कोणी हे केलंय ना, त्याला मी आज सोडत नाही."

हे वाक्य मी चांगलं खणखणीत म्हणालो होतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मशीन बंद. माल जागेवर थांबवला. तयार वॉशर टेबलांवर ओतले, ढीगच्या ढीग. आता एवढ्यांतून बिनभोकाचा शोधायचा कसा? माझं डोकं बघा कसं चालतं. म्हटलं, तारा आणा! एकेक वॉशर तारेत ओवा. ओवला गेला, म्हणजे भोक आहे. आहे की नाही सोपं? अख्खी शिफ्ट ओवायला बसवली. ऑफिसवाले बसवले, कँटीनच्या मावशी बसवल्या. जिकडे बघावं तिकडे तांब्याच्या माळा लोंबतायत! मावशी म्हणाल्या, "साहेब, मधनं मधनं झेंडू पन घालायचा का?"

इकडे मी बालाजीला समोर बसवलं. बालाजी आमचा प्रेसवरचा ऑपरेटर, लातूरकडचा, एकदम भिडस्त पोरगा. त्याच्यावर मी व्हाय-व्हाय सुरू केलं. म्हणजे काय, तर माणसाने दिलेल्या प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का' विचारायचं, मूळ कारण सापडेपर्यंत. घरी हे कोणी करत नाही म्हणून संसार टिकतात.

"बालाजी, होल का नाही पडलं?"

"पडलंय की सर."

"कस्टमर म्हणतोय नाही पडलं. का नाही पडलं?"

"मग भोक पाडायचा पंच खाली आला नसंल."

"का नाही आला?"

"तुटला असंल काय की."

"तुटलाय?"

"नाई सर, धड हाय."

"मग का नाही आला?"

"माझंच ध्यान नसंल मग."

"का नव्हतं ध्यान?"

बालाजी रडकुंडीला आला. "सर, गावाकडून फोन आल्ता. म्हैस आजारी हाय."

मी समाधानाने उठलो आणि फळ्यावर लिहिलं. मूळ कारण: म्हैस.

एवढ्यात साहेबांनी सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. शर्माने फोटो साहेबांना पाठवला होता, तो भिंतीवर लावणार होते. शर्मा स्वतः स्पीकरवर. मी पहिल्या खुर्चीत बसलो, पेन काढलं. दिवे गेले, भिंत उजळली.

भिंतीवर ढबू! बैलगाडीच्या चाकाएवढा! डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा!

मी पेन गुपचूप परत खिशात टाकलं.

"देखिए साहब," स्पीकरमधून शर्मा, "लेफ्ट वाला एनजी है, मान लिया. होल नहीं है. लेकिन राइट में देखिए! ग्रीन पे! उसमें भी होल नहीं है! मतलब आपका ओके पार्ट भी बिना होल का?"

"शर्माजी, आमचा तपास चालू है," साहेब म्हणाले.

"और गोल भी नहीं है! किनारा देखिए, घिसा हुआ!"

साहेबांनी पट्टीने भिंतीवर दाखवलं. "आणि हे काय आहे? पान? संदीप, आपल्या वॉशरवर पान कुठून आलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागून बालाजी मेल्या आवाजात म्हणाला, "सर, पान बी माझ्याच हातून पडलं असंल."

आता मात्र मला राहवेना. पोरगं फासावर चढायला निघालं होतं हो! मी उभा राहिलो.

"साहेब, हा वॉशर नाही."

"मग काय आहे?"

"माझ्या सासऱ्यांचा ढबू आहे."

साहेबांनी पट्टी खाली ठेवली. मग स्पीकरमधून शर्माचा आवाज आला, "ये ढबू किस मॉडल में लगता है?"

त्यानंतर साहेब जे बोलले ते मी इथे सांगत नाही, चहा नासेल. बालाजीने तेवढं हळूच विचारलं, "सर, मग म्हशीचं पुसून टाकू?"

पण माझं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात दुसराच भुंगा सुरू झाला होता. ढबू जर इथे आला, तर वॉशर कुठे गेला? अरे देवा! छपाईचा शेवटचा दिवस!

गेटकडे असा पळालो की वॉचमनला वाटलं, आग लागली. मोबाइल उघडला. काकांचा ग्रुप पेटला होता. त्याचं काय आहे, आमच्या धंद्यात पीसवर चूक सापडली की तो लाल डब्यात जातो. या नाणेवाल्यांचं उलटं! नाण्यात चूक जेवढी मोठी तेवढं नाणं भारी. काकांनी लिहिलं होतं, "दोन्ही बाजू संपूर्ण कोऱ्या! भोक अचूक मध्यभागी! एका बाजूला कड उठलेली! सगळी हयात नाण्यांत गेली, असला भोकाचा पैसा पाहिला नाही." खाली हात जोडलेल्यांची ही रांग! एकाने तर रंगसंगतीबद्दल माझं अभिनंदन केलं होतं.

मी घाईघाईने लिहिलं, "काका, चुकून गेलं. ते नाणं नाही, वॉशर आहे."

काकांचं उत्तर, "ज्याच्याकडे खरा माल असतो, तो असंच म्हणतो."

मी ढबूचा खरा फोटो टाकला. काका म्हणाले, "हा ठीक आहे. पण असे पुष्कळ आहेत लोकांकडे. भोकाचाच जाऊ दे."

शेवटी फोन लावला. "काका, अहो, तो खरंच वॉशर आहे!"

"बरं बरं. पण मिळाला कुठे?"

मी वैतागून खरं ते सांगितलं, "कुरुळीला मिळाला! जिथे प्रेस आहे तिथे! असे ढिगाने पडलेत!"

पलीकडे काका ओरडलेच. "प्रेस? ढिगाने? संदीप, अरे, कुरुळीला टांकसाळ होती!"

आणि फोन ठेवला. छापखान्यात जायची घाई झाली होती त्यांना.

कॅलेंडर छापून आलं. काकांनी एक प्रत थेट कुरुळीला धाडली. रविवारी अण्णांचा फोन, फक्त दोनच शब्द. "जावईबापू, या."

वर्षाला घेऊन निघालो. ढबू माझ्या खिशात होता, सारखा चाचपून बघत होतो. पोचलो, तर घर भावकीने भरलेलं. भिंतीवर कॅलेंडर, त्याला झेंडूचा हार. पानावर दोन वॉशर, एक लालवर, एक हिरव्यावर, आणि खाली ठसठशीत अक्षरांत अण्णांचं नाव आणि गाव. लोक त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढत होते.

अण्णांनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं.

"फोटू झ्याक हाय. रंग तर लईच झ्याक. पर एक सांगा." त्यांनी बोटाने हवेत गोल काढला. "भोक कवा पाडलं?"

"नाही हो अण्णा, पाडलं नाही!" मी घाईघाईने ढबू काढून त्यांच्या हातावर ठेवला. "जसा नेला तसा आणलाय बघा."

अण्णांनी तो उलटा केला, सुलटा केला, पानावरून अंगठा फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू? सुटलो एकदाचा असं वाटलं.

"व्हय, ह्योच त्यो," अण्णा म्हणाले. मग बाहेर कानोसा घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "पर आता पंचाईत झाली की. आक्ख्या गावानं भोकाचा बगितलाय. समदी म्हनत्यात, दावा. आन मी ह्यो दावला तर म्हनतील, अण्णा लबाड. छापलेलं खोटं कसं आसंल?"

"मग आता?"

"मंग काय! नानाला धाडलंय, ड्रिल मशीन आनाया."

तेवढ्यात दार उघडलं. तोच तो नाना, भावकीतला. हातात ड्रिल, वायर खांद्यावर. "अण्णा, कितीचं पाडायचं?"

मी झडप घालून अण्णांची मूठ दोन्ही हातांनी दाबून धरली. "अण्णा, नका! हात जोडतो! मी आणून देतो भोकाचा. उद्याच्या उद्या. हुबेहूब फोटोतला!"

अण्णांनी मूठ सोडवून घेतली. "तसला तुमच्याकडं हाय?"

"आहे."

"किती हायती?"

मी मनात माळा मोजल्या. "बरेच."

"आरं तिच्या! आन बोलला न्हाई!" अण्णा नानाकडे वळले. "घिऊन जा रं ती मशीन." मग त्यांनी ढबू पुन्हा फडक्यात ठेवला, गाठ मारली, ट्रंकेत तळाशी सरकवला आणि कुलूप लावलं. किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी प्रेस शॉपवर गेलो. मशीन धडधडत होतं. बालाजी कामात होता. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, "बालाजी, एक वॉशर दे ना रे. घरी पाहिजे."

बालाजीने मशीन थांबवलं. फडक्याला हात पुसले. आजूबाजूची चार मशीनंही थांबली. मग तो अगदी अदबीने म्हणाला,

"सर, होलचा देऊ का बिनहोलचा?"